वाचकांचे प्रश्न : जपानीच्या तासाला गोष्ट

प्रश्न : सातवी-आठवीच्या तीस मुलांना मी आठवड्यातून दोन तास जपानी शिकवते. गोष्ट सांगताना मुलं रंगून ऐकतात. पण प्रश्न विचारला की वर्ग गप्प, नाहीतर उत्तर मराठीत. काय चुकतंय?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : बहुधा गोष्टीत नवे शब्द फार येतात. चित्रं आणि हावभावांमुळे मुलांना गोष्ट कळते, पण प्रत्येक शब्द एकदाच कानावरून जातो. तो तोंडात बसायला तेवढं पुरत नाही. कॅलिफोर्नियात स्पॅनिश शिकवणाऱ्या ब्लेन रे यांनी १९९०च्या सुमारास गोष्टींतून भाषा शिकवायची जी पद्धत बसवली, तिचा गाभाच हा : शब्द मोजके, घोळवणं भरपूर. शिवाय ही गोष्ट मुलांना विचारत विचारतच पुढे न्यायची असते.

एका गोष्टीला तीनच नव्या रचना घ्या. समजा, ‘गा इमासु’ (आहे), ‘नि इकिमासु’ (-ला जातो), ‘ओ ताबेमासु’ (खातो). फळ्यावर जपानी आणि शेजारी सरळ मराठी अर्थ लिहा. अर्थ ओळखायला लावण्यात तास घालवू नका. एका मुलाला मांजर करून पुढे उभं करा. ‘नेको वा एकि नि इकिमासु’, मांजर स्टेशनला जातं. आता या एकाच वाक्याभोवती फिरा. आधी होकाराचा प्रश्न : ‘एकि नि इकिमासु का?’ मग पर्याय : ‘एकि नि इकिमासु का, गाक्को नि इकिमासु का?’ (स्टेशनला जातं की शाळेला?) मग मुद्दाम चुकीचा : ‘गाक्को नि इकिमासु का?’ मुलं ‘इइए’ (नाही) म्हणाली की पुढचं तुम्ही पुरं करा : ‘इइए, गाक्को नि इकिमासेन.’ शेवटी ‘दोको नि?’ (कुठे?) आणि ‘दारे गा?’ (कोण?)

एका शब्दाचं उत्तर पुरे. पहिल्याच फेरीत पूर्ण वाक्याचा आग्रह धरला की मूल चूक होईल म्हणून तोंडच उघडत नाही. प्रश्नांचा क्रमही बदलत राहा, नाहीतर मुलं न ऐकता उत्तर देतात. कुठलं स्टेशन, हे मात्र मुलांनाच ठरवू द्या. शिवाजीनगर म्हणोत की क्योतो, गोष्ट त्यांची होते.

जपानीत तीन जागी घसरायला होतं. मराठीत मांजरही ‘आहे’ आणि टेबलही ‘आहे’. जपानीत माणसांना-प्राण्यांना ‘इमासु’, झाडांना आणि निर्जीव वस्तूंना ‘आरिमासु’. म्हणून पाण्यात पोहणारा मासा ‘इमासु’, ताटातला ‘आरिमासु’! ‘दारे’ला ‘गा’ हा प्रत्यय लागतो, ‘वा’ नाही. उत्तरातही ‘नेको गा’. आणि ‘होशिई देसु’ (हवंय) हे स्वतःबद्दल म्हणायचं. ‘मांजराला मासा हवाय’ असं तुम्ही सांगू नका, मांजर झालेल्या मुलाच्याच तोंडी ते घाला. अशा जागी मुलं अडली की मराठीत एका वाक्यात समजावून पुढे जा. तिथे व्याकरणाचा तास सुरू झाला की मांजर स्टेशनातच राहतं.

शेवटची दहा मिनिटं वाचनाला ठेवा. तीच गोष्ट आठ-दहा वाक्यांत, हिरागानात (जपानीच्या सोप्या अक्षरलिपीत), शब्दांमध्ये जागा सोडून लिहा. समोर घडताना ‘इकिमासु’ होतं, वाचताना ‘इकिमाशिता’ (गेलं) करा. भूतकाळ तिथे आपोआप भेटतो.

प्रश्न : यातून एन५ परीक्षेची (जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) तयारी होईल का?

उत्तर : ऐकणं आणि वाचणं यांची चांगली होईल. त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो. कांजीचा (चिनीतून आलेल्या चित्राक्षरांचा) सराव मात्र वेगळा करून घ्यावा लागेल.