तपासणी फक्त सुनेचीच का?

प्रश्न : लग्नाला तीन वर्षे झाली. माझे वय ३३, यजमानांचे ३६. त्यांना रात्रपाळी आणि तंबाखूची सवय आहे. अलीकडे ते जिममध्ये शरीर कमावण्यासाठी इंजेक्शने घेतात. माझ्या तपासण्या झाल्या, पण ते तपासणीला तयार नाहीत. सासूबाई मला वजन कमी करायला सांगतात. सवयींचा खरोखर किती परिणाम होतो?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : वर्षभर नियमित शरीरसंबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांचीही तपासणी एकाच वेळी सुरू करावी लागते, कारण अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या प्रयत्नांतून १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्या मुंबईत आजही तपासणी सुनेपासून सुरू होऊन तिथेच थांबावी, याचे मला फार वाईट वाटते. वीर्यतपासणी सोपी असते. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावे लागतात, एवढेच.

मला सर्वांत जास्त काळजी त्या इंजेक्शनांची वाटते. त्यांत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) किंवा तत्सम स्टेरॉइड असेल, तर मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो आणि शुक्राणूंची निर्मिती घटते, कधी पूर्णपणे थांबते. शरीर मात्र पिळदार दिसत असल्याने कोणालाच शंका येत नाही. इंजेक्शने थांबवल्यावर निर्मिती बहुधा पूर्ववत होते, पण त्यासाठी कित्येक महिने लागू शकतात. त्यामुळे औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखालीच ती थांबवावीत. तंबाखू चघळला तरी शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटू शकते. तुम्ही मशेरी लावत असाल तर तीही सोडा.

रात्रपाळीविरुद्धचा पुरावा तितका पक्का नाही, त्यासाठी नोकरी सोडू नये. मात्र बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, या काळात पाळ्यांमुळे दोघांची भेटच होत नसेल, तर तेही कारण असू शकते.

तुमची मासिक पाळी नियमित आणि वजन प्रमाणात असेल, तर वजन घटवण्याने काही साधणार नाही. पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे बीज वेळेवर न सुटण्याचा विकार) आणि जादा वजन असल्यास पाच ते दहा टक्के घटीनेही बीज पुन्हा वेळेवर सुटू लागू शकते.

सवयी सुधारेपर्यंत तपासणी लांबवू नका, कारण पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या व प्रत वेगाने घटते. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या आणि पुढच्या भेटीला दोघे मिळूनच जा.