कलेक्टरबाई आणि दांडीची सायकल
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : माझ्या मुलाला आठवीत असताना सीबीएसईच्या हिंदी पुस्तकात पत्रकार पी. साईनाथ यांचा एक धडा होता. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या बायका सायकल शिकल्या, त्याचा. परवा माळा आवरताना पुस्तक सापडलं, म्हणून आमच्या बचत गटात वाचून दाखवला. सगळ्याजणी म्हणाल्या, एका कलेक्टरबाईंच्या हुकमाने एवढ्या बायका सायकलवर बसतील होय? तुम्ही काय सांगाल?
– एक शिक्षिका, जामनेर तालुका

उत्तर : बाई, हुकमाने बायका हळदीकुंकवालासुद्धा जात नाहीत. तुमच्या मैत्रिणींची शंका रास्त आहे. पण कलेक्टरबाईंचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही, उलट ते नेमकं कुठे आहे ते कळतं.

त्यांचं नाव शीला राणी चुंकत. 1991 साली त्या पुदुक्कोट्टईच्या जिल्हाधिकारी होत्या आणि तेव्हाच तिथे ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरतेची चळवळ सुरू झाली. साक्षरता मोहिमा तेव्हा देशभर चालू होत्या. पाटी-पेन्सिल, कंदील, संध्याकाळचा वर्ग, हे सगळीकडचं चित्र. प्रश्न असा होता, की आडगावातल्या बायकांपर्यंत पोचायचं तर शिकवणारी बाईच हवी, आणि ती बाई एसटीची वाट बघत फाट्यावर उभी राहिली तर वर्ग घेणार कधी? चुंकत यांनी सायकल थेट साक्षरतेच्या कार्यक्रमातच घातली. अक्षरं, आकडे आणि सायकल. बाईला स्वतःच्या बळावर गावाबाहेर जाता येत नसेल, तर तिचा आत्मविश्वास नुसत्या बाराखडीने वाढत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग त्यांनी दोन कामं केली, जी खुर्चीवरच्या माणसालाच जमतात. बँकांच्या मागे लागून बायकांना सायकलीसाठी कर्ज द्यायला लावलं, आणि प्रत्येक ब्लॉकवर, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या विकासगटावर, या मोहिमेची ठरावीक जबाबदारी टाकली. तिसरं काम कागदावर दिसत नाही. सायकलवर बसणाऱ्या बाईबद्दल तिथेही नको नको ते बोललं गेलं. पण आता ती ‘उंडारायला’ चाललेली नव्हती, साक्षरतेच्या कामाला चालली होती. टवाळी करणाऱ्याचा आवाज तिथेच अर्धा होतो.

बाकी सगळं बायकांनी केलं. आधी स्वयंसेविका शिकल्या, मग त्यांच्या वर्गातल्या बायका. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीच्या ताई, आरोग्य केंद्रातल्या नर्स, शाळामास्तरणी, सगळ्या. जी शिकली ती दुसरीला शिकवायची. चळवळीच्या समन्वयकांपैकी एन. कण्णम्माल यांचं नाव या कामात आदराने घेतलं जातं. शिबिराला बायका ठेवणीतल्या साड्या नेसून यायच्या, सायकलवरची खास गाणी म्हणायच्या. 1992 च्या महिला दिनाला दीड हजार बायकांनी हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत पुदुक्कोट्टई शहर दणाणून सोडलं. साईनाथांच्या हिशेबाने लाखाहून जास्त बायका शिकल्या. दहा वर्षांखालच्या मुली सोडल्या तर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या चौघींत एक!

मला स्वतःला मात्र या आकड्यापेक्षा दांडीची गोष्ट आवडते. आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, सायकली तासावर द्यायचे. त्यात लेडीज सायकल एकच, आणि ती बिचारी खिळ्याला टांगलेली. बाईने दांडीच्या सायकलवर टांग टाकायची म्हणजे गावात चार दिवस चर्चा. पुदुक्कोट्टईत लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी सरळ जेंट्स सायकली घेतल्या. आणि मग कित्येकींना त्याच जास्त पसंत पडल्या. का, तर पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं! कुठल्याही कंपनीच्या माणसाला हे सुचलं नसतं. मागे कॅरियरवर पाण्याची कळशी किंवा बाजाराचा माल, पुढे पोर, आणि मधे साडीचा काचा मारलेली बाई. माल विकणाऱ्या बायकांना आधी एसटीच्या वेळेने एखाद-दुसरं गाव व्हायचं, घरी पोरं वाट बघतात म्हणून अर्ध्यातून परत फिरावं लागायचं. ती कटकट संपली.

सगळं गोडगोड झालं असंही नाही. साईनाथ 1995 मध्ये परत गेले तेव्हा सायकलची किंमत चौदाशेच्या आसपास गेली होती आणि ती कित्येकींच्या आवाक्याबाहेर होती. शिकण्याचं वेड मात्र ओसरलं नव्हतं.

तुमच्या गटाने यातून उचलायचं असेल तर शिकवण्याचा भाग उचला. आपल्याकडे मानव विकास मिशनमधून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, चांगली योजना आहे. पण माझ्या पाहण्यात अशा घरी सायकल भाऊच शेतावर नेतो, कारण मुलीच्या आईला ती आपली वाटतच नाही. आईला शिकवा, मग बघा सायकल कोण नेतो ते. दोन जुन्या सायकली, शाळेचं मैदान आणि रविवारची सकाळ एवढ्यावर सुरुवात होते. पुरुष मंडळींना मैदानाच्या कडेला उभं राहून सूचना द्यायची फार हौस असते. त्यांना हवा भरायच्या कामाला लावा.

प्रश्न : मी 52 वर्षांची आहे. लहानपणी शिकायची राहिली. आता तोल येईल का? शिवाय मी साडीच नेसते.
– एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : येईल की! अमेरिकेत दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड 53 व्या वर्षी सायकल शिकल्या. त्यांनी सायकलचं नाव ‘ग्लॅडिस’ ठेवलं होतं आणि 1895 मध्ये त्या शिकण्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पायघोळ झगे घालायच्या काळात त्यांना जमलं, तुम्हाला साडीत का जमू नये?

फक्त मागे धरून पळणारं कुणी ठेवू नका. त्याचा हात सुटला की तोल नाही, धीर सुटतो. त्यापेक्षा दोन्ही पायडल काढून टाका. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नेहमीसारखा पाना फिरवलात तर ते आणखीच आवळेल, हे दुकानदाराच्या नवख्या पोऱ्यालाही सांगा. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकतील. मग बसल्या बसल्या पायांनी जमीन ढकलत चाला. नजर लांब ठेवा, पुढच्या चाकाकडे बघितलंत की पडलात. पाय उचलून थोडं लांबवर घरंगळत जाता आलं, की तोल आला. मग पायडल परत लावा. साडीसाठी पूर्ण चेनकव्हर हवंच आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. पदर खोचून बसा.

प्रश्न : घरचे म्हणतात, आता सायकल कोण चालवतं, स्कूटीच घे. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : घ्या की. पुदुक्कोट्टईच्या कार्यकर्त्यांसाठीसुद्धा युनिसेफने 50 मोपेड दिल्या होत्या, सायकलवाल्यांनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. पण आधी सायकल शिका. तोल दोन्हींचा एकच, आणि सायकलवरून पडलं तर लागतं कमी. शिवाय स्कूटीची चावी घरात कुणाकडे राहणार, हेही घ्यायच्या आधीच ठरवून टाका.