मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे

प्रश्न : गणपतीसाठी सहा वर्षांनी गुहागर तालुक्यातल्या गावी गेलो. घर वरच्या वाडीत असल्यामुळे रस्त्यापासून जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढावी लागते. पहिल्याच दिवशी सामानासाठी चार फेऱ्या झाल्या. चढताना धाप लागली, उतरताना काहीच वाटले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मांड्या इतक्या आखडल्या की पाटावरून उठवेना. आई म्हणते, वाताने सांधे धरले; पुतण्या म्हणतो, लॅक्टिक आम्ल साचले. खरे कोणाचे? – एक चाकरमानी

उत्तर : दोघांचेही नाही. ज्याचा आपल्याला त्रास वाटला नाही, ते उतरणेच या दुखण्याचे मूळ आहे.

आधी सांध्यावरचा आळ दूर करू. विसर्जनानंतर घरी कोंबडी-वडे झाले असतील, तर तंगडीच्या हाडाच्या टोकावरचे पांढरे, चकचकीत, बोटाला गुळगुळीत लागणारे आवरण आठवावे, तीच कूर्चा. आपल्या गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांच्या एकमेकांवर सरकणाऱ्या पृष्ठभागांवर असेच आवरण असते, जोडीला दोन अर्धचंद्राकृती गाद्या आणि अस्तरातून पाझरणारे जेमतेम काही मिलिलिटर वंगण. सांधा दुखावला असता तर गुडघ्यातच कळ आली असती, बहुधा सूजही दिसली असती. आपले दुखणे मांडीत आहे, म्हणजे वाटीला वरून धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या गटात.

त्याच तंगडीचे शिजलेले मांस उभ्या धाग्यांनी सुटते. हे धागे म्हणजे स्नायुतंतूंच्या जुड्या. एकेका तंतूच्या आत सुमारे अडीच मायक्रोमीटर लांबीचे, म्हणजे मिलिमीटरमध्ये चारशेच्या आसपास बसतील असे, एकापुढे एक जोडलेले घटक असतात. त्यांतील अ‍ॅक्टिन आणि मायोसिन हे प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकले की स्नायू आखूड होतो. १९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी हे एकाच वेळी मांडले. दोन्ही गटांत हक्सली आडनावाचे एकेक शास्त्रज्ञ होते, पण ते एकमेकांचे कोणी लागत नव्हते.

चढताना मांडीचा स्नायू आखूड होत आपल्याला वर उचलतो. उतरताना मागच्या पायाचा गुडघा हळूहळू वाकतो आणि तोच स्नायू ताण न सोडता लांबत जातो. शहाळ्यांची पेंड दोरीने खाली सोडणाऱ्याचे हात जसे दोरी सोडतही असतात आणि धरूनही ठेवतात, तसेच हे काम. त्याला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही. पण कामाला लागलेले तंतूही कमीच असतात, त्यामुळे एकेकावर ताण जास्त पडतो आणि काही सूक्ष्म घटक ओढले जाऊन विस्कटतात. त्यानंतरचा दाह वाढायला वेळ लागतो, म्हणून दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते. लॅक्टिक आम्लाचा समज व्यायामशाळांतून काही केल्या जात नाही. वास्तविक श्रमात वाढलेले लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचे शरीरातले रूप, विश्रांतीनंतर तास-दोन तासांत पूर्ववत होते.

आईच्या गरम पाण्याच्या शेकाने बरे वाटेल, तो जरूर घ्यावा. हलके चालणेही चांगले. मात्र लघवी चहासारखी गडद झाली, किंवा एकच पोटरी सुजली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वाडीतली माणसे रोज तीच पाखाडी उतरतात आणि त्यांचे काही दुखत नाही, कारण अशा एका ताणानंतर स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला अधिक टिकाव धरतो. वर्षभरात हे संरक्षण ओसरते. तेव्हा पुढच्या वेळी चतुर्थीच्या दोन-तीन आठवडे आधीपासून इमारतीतली लिफ्ट वर जाण्यापुरती वापरावी आणि जिना उतरावा. सुरुवातीला दोनच मजले पुरेत.