मेल सर्व्हरवर कोणी किती जागा अडवलीय, ते कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न असा, की डोवकॉट (मेल साठवून लोकांना वाचायला देणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरत आलीय, पण एकाच खात्यासाठी 'डीयू' (फोल्डरने डिस्कवर किती जागा घेतली ते सांगणारी कमांड) एक आकडा दाखवतं आणि कोटा (डोवकॉटचा खात्यामागे जागेचा हिशेब) दुसराच. खरा कुठला?

दोन्ही खरे. डीयू डिस्कवर अडलेले ब्लॉक, म्हणजे जागेचे ठरावीक तुकडे, मोजतं. मेलडिर या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते आणि ब्लॉक बहुतेक ठिकाणी ४ केबीचा, म्हणजे एक केबीचा मेलही ४ केबी अडवतो. कोटा मेलच्या मूळ आकाराची बेरीज करतो. मेल झेडलिब या कॉम्प्रेशनने दाबून ठेवत असाल तर उलटं, कोटा जास्त आणि डीयू कमी.

डिस्क वाचवायची असेल तर डीयू धरा. मेलच्या मूळ फोल्डरवर एक पातळी खोल चालवा आणि आकारानुसार लावून घ्या. मात्र रात्री चालवा, फायली लाखांत असल्या की दिवसा लोकांचे मेल अडकतात. माणसांना मर्यादा घालायची असेल तर 'डोवअ‍ॅडम कोटा गेट' ही डोवकॉटची कमांड सगळ्या खात्यांसाठी चालवा. आकडे केबीत येतात. कोणी हाताने फायली उडवल्या असतील तर आधी 'कोटा रीकॅल्क' करा, नाहीतर जुनाच आकडा दिसेल.

पण नुसत्या माणशी आकड्यावर थांबू नका. इंदूरला रामबागेतल्या एका संस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. तिथं सगळ्यात मोठं खातं हिशेब बघणाऱ्या ताईंचं निघालं. त्यांचा इनबॉक्स अगदी स्वच्छ! जागा गेली होती 'सेंट'मध्ये: एकच ताळेबंद, दर दुरुस्तीनंतर पुन्हा सगळ्यांना पाठवलेला. शिवाय मेलमधली जोडफाइल बेस६४मुळे (मेलने पाठवण्यासाठी फाइल साध्या अक्षरांत बदलण्याची पद्धत) सुमारे एक तृतीयांशाने फुगते, ९ एमबीची १२ होते. म्हणून डोवकॉटच्याच 'मेलबॉक्स स्टेटस' कमांडमध्ये 'व्हीसाइझ' (फोल्डरमधल्या मेलचा एकूण आकार) मागून फोल्डरवार आकडे काढा.

'ट्रॅश' मात्र विचारल्याशिवाय रिकामा करू नका. आमच्याकडे एका काकांनी कामाचे मेलच तिथे जपून ठेवले होते. आणि जास्त वापरणाऱ्यांची यादी सगळ्यांना पाठवू नका, ज्याचा आकडा त्यालाच सांगा.

पूर्ण डिस्कवर चालवलेल्या डीयूची बेरीज 'डीएफ'पेक्षा (अख्ख्या डिस्कची भरलेली जागा दाखवणारी कमांड) बरीच कमी आली, तर पुसलेली एखादी मोठी फाइल, बहुधा लॉग, कुठल्यातरी प्रोसेसने अजून उघडी धरलेली असू शकते. 'एलएसओएफ' या उघड्या फायलींची यादी देणाऱ्या कमांडमध्ये ती सापडते, आणि ती सर्व्हिस पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते.