शिडी सरळ, फळी पिळलेली

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात मुळशीच्या आमच्या शेतावर आंबा उन्मळून पडला. चेनसॉला जोडायची मिल (ओंडक्याच्या फळ्या काढायची चौकट) आणली, ती सरकवायला 8 फुटी ओंडक्यावर ॲल्युमिनियमची शिडी स्क्रूने आवळून पहिला छेद घेतला. शिडी अगदी सरळ, तरी दोन-दोन इंची चारही फळ्यांना बोटभर पीळ आला. चेन खराब असेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: चेन बिघडली असती तर फळी खरबरीत निघाली असती, पिळली नसती. दोष शिडीचा, म्हणजे ती बसवण्याचा. ओंडका उंच-सखल असतो. त्यावर शिडी आवळत गेलात की ती ओंडक्याचाच पीळ घेते. पुढचे सगळे छेद त्या पहिल्या पृष्ठावरून मिल सरकवत घेतलेले, त्यामुळे एकाचा पीळ चौघींत उतरला. मीही फणसाचा एक ओंडका असाच घालवला. हिला देव्हारा हवा होता, निघाले दोन पाट!

शिडी सोडून मी आता स्लॉटेड अँगलच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या काटकोनी लोखंडी, दोन पट्ट्या वापरतो, जुन्या बाजारात मिळालेल्या. दोन्ही टोकांना लाकडी आडवे तुकडे, पट्ट्या ओंडक्याच्या पुढे फूट-फूटभर, नाहीतर शिरताना आणि निघताना मिल खाली झुकते. मग दोन्ही टोकांवर एकेक सरळ रूळ आडवा ठेवून एका टोकाकडून डोळा लावायचा. दोन्ही रुळांच्या कडा समांतर दिसेपर्यंत उचललेल्या कोपऱ्याखाली पाचर. आवळल्यावर पुन्हा बघायचं, कारण घोळ तिथेच होतो. स्क्रू मात्र छेदाच्या रेषेपर्यंत पोचता कामा नये. चेनला स्क्रू लागला की दात गेलेच.

चेनबद्दल विचारलंतच म्हणून: आडवं कापायची चेन 25 ते 30 अंशांवर घासलेली असते, फळ्यांसाठी 10 अंशांच्या आसपास घासा. छेद बराच आत गेला की मागे पाचर ठोकत जा, नाहीतर वरचा भार बसून बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पाती, अडकतो. आणि कानाला मफ.

उरलेल्या ओंडक्यावर पट्ट्या नव्याने बसवून पहिला छेद पुन्हा घ्या. काढलेल्या चार फळ्यांच्या टोकांना रंग फासून, मध्ये लाकडाच्या बारीक पट्ट्या घालून सावलीत रचा. इंचाला वर्ष धरा, म्हणजे दोन वर्षं. नंतर रंध्याने पीळ काढलात की सव्वा-दीड इंच हाती लागेल.