शाळेतला फॉर्म आणि ग्रुपवर पडलेली यादी

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. देवगडजवळची झेडपीची शाळा, मुलगा सातवीत, कुठल्यातरी संस्थेची माणसं येऊन पोरांकडून फॉर्म भरून घेऊन गेली, त्यात बाबा दारू पितात का, घरी मार पडतो का, जगावंसं वाटत नाही असं होतं का, आणि आठवड्याने बाईंनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लक्ष द्यायची गरज' म्हणून सात नावं टाकली, त्यात तुमचा मुलगा. आता मासे घ्यायला गेलात तरी बायका विचारतात. वाडीत काय लपतंय म्हणा!

तुम्ही फॉर्मवर जास्त चिडलाय, पण तुमची केस यादीची आहे. असे प्रश्न विचारणं हा काही गुन्हा नाही, कधीकधी त्यातनंच एखाद्या पोराचे हाल कळतात, फक्त आईबापाला न विचारता का, एवढं नक्की विचारा. यादी मात्र कुणी कशीही सांगितली तरी पटण्यासारखी नाही. 2017 साली पुट्टस्वामी केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या 9 जजेसनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला, आणि झेडपीची शाळा म्हणजे सरकारच, त्यामुळे तो हक्क थेट तिच्यासमोर मांडता येतो. त्याच वर्षीच्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात कलम 3 आहे, उपचाराशी थेट संबंध नसेल तर कुणावर मानसिक आजाराचा शिक्का मारता येत नाही. बाईंनी 'आजारी' असा शब्द वापरला नाही हे शाळा म्हणणारच, म्हणून मुलाला वर्गात चिडवतात ते पण लिहा, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 17 मध्ये मानसिक छळाला मनाई आहे. 2023 च्या डेटा कायद्यात, म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपण्याच्या कायद्यात, मुलांसाठी पालकांची परवानगी सांगितलीय, पण तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय, सगळी भिस्त त्यावर नको.

पोलिसात आज जाऊ नका. आधी तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, मग मुख्याध्यापकांना साधा अर्ज, यादी ग्रुपवरनं काढून टाका, फॉर्म कुणाकडे आहेत ते लेखी कळवा. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, उरलेल्या सहा घरांना सोबत घ्या, एकट्या बाईमाणसाला लगेच 'भांडखोर' म्हणतात आपल्याकडे. संस्थेला परवानगी कुणी दिली ते पत्र माहिती अधिकारात मागा, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर.

आणि फॉर्मात काय लिहिलंस म्हणून पोराला दटावू नका, जे लिहिलंय ते खरं असलं तर तो विषय कोर्टाचा नाही, घरचा आहे. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, नुसत्या 'बघतो' वर परत येऊ नका.