हरलेल्या लढाईचा दिवस का पाळतात?

प्रश्न: मी साताऱ्याची, सध्या लेकीकडे मेलबर्नला आलेय. 25 एप्रिलला इथे ॲन्झॅक डे असतो म्हणून आम्ही सगळे अंधारात उठून तिथल्या मोठ्या युद्धस्मारकापाशी गेलो. हजारो माणसं गारठ्यात गप्प उभी होती, कोटाला रोझमेरीची काडी लावलेली. जावई म्हणाले ही तर हरलेली लढाई. मग एवढा मान कशाला? आणि नातवाने विचारलं, आजी, आपलं कोणी होतं का तिथे? मला काही सांगता आलं नाही.
- एक आजी

उत्तर: आजी, जावयांचं बरोबर आहे, लढाई हरलेलीच. पहिल्या महायुद्धात, 25 एप्रिल 1915 ला पहाटे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक, ज्यांना ॲन्झॅक म्हणतात ते, तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, समुद्राची वाट मोकळी करून इस्तंबूल गाठायचं असा प्लॅन होता, पण वरच्या टेकड्यांवर तुर्क ठाण मांडून बसलेले, आठ महिने झुंजून शेवटी माघार घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियाचे 8 हजारांवर गेले, न्यूझीलंडचे जवळपास 2,800, आणि तुर्कांचे तर कितीतरी पटीने जास्त. उतरले पहाटे म्हणून प्रार्थना पहाटे, आणि रोझमेरी त्या टेकड्यांवर रानात उगवते म्हणून ती काडी.

मान कशाला याचं माझं उत्तर असं की त्या दिवसाचा विजयाशी संबंधच नाही. ती पोरं स्वतःहून भरती झालेली, आणि गेली ती परत आलीच नाहीत, मृतदेहसुद्धा नाही, कारण जिथे पडला तिथेच पुरायचं असा नियम होता. आईला फूल वाहायला थडगं नाही. मग गावोगावी लोकांनी वर्गणी काढून दगड उभे केले आणि त्यावर नावं कोरली, ती नावं हेच त्यांचं थडगं. लेकीला सांगा कुठल्याही छोट्या गावात गाडी थांबव, स्मारक दिसेलच, एकाच आडनावाची दोन-तीन नावं खाली-खाली दिसली की पोटात कालवतं.

आता नातवाचं. हो, आपली माणसं होती! गॅलिपोलीत हिंदुस्थानचे सुमारे 15 हजार लोक होते, शीख, गुरखे, डोंगरी तोफखानावाले, आणि खेचरांवरून पाणी नि दारूगोळा वर पोचवणारे. तोफखान्याच्या तुकड्या तर पहिल्याच दिवशी ॲन्झॅकवाल्यांबरोबर उतरल्या. मराठा पलटणी मात्र तेव्हा इराकच्या मोहिमेवर होत्या, पुणे डिव्हिजनमध्ये. पहिला ॲन्झॅक डे पाळला 25 एप्रिल 1916 ला आणि त्याच आठवड्यात, 29 एप्रिलला, इराकमधल्या कुत या गावी पाच महिने तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या याच डिव्हिजनने उपासमारीने शरणागती पत्करली. पुढे कैदेत किती मेले त्याला सुमार नाही.

आणि इथे मला खरंच राग येतो. या इराक मोहिमेत पडलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांचीही कोरली, पण आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. युद्धात पडलेल्यांची थडगी नि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021 मध्ये अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली, म्हणजे शंभर वर्षांनी. आपल्याकडच्या गावांतल्या इंग्रजांनी बसवलेल्या पाट्याही तशाच, या गावातून इतके महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले, बस्स, नाव एकाचंही नाही.

तुमच्या जिल्ह्यातलं अपशिंगे तुम्हाला माहीत असेलच, मिलिटरी अपशिंगे, त्या एका गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. नातू सुट्टीत आला की त्याला तिथे घेऊन जा. आणि तुमच्या माहेरच्या गावी, चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत अशी पाटी आहे का तेही बघा, चुन्याखाली झाकली गेलेली असू शकते. सापडली तर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा ते कोण होते, आणि जेवढी नावं आठवतील तेवढी नातवाकडून वहीत लिहून घ्या.